बाहेरची करणी

"बाहेर निघ, बेबी!" ईश्वरनं दारावर काठी आपटली.

त्याच्यामागे अर्धं गाव उभं होतं. कुणाच्या हातात दगड, कुणाच्या हातात चप्पल. नाकाडोंगरीच्या जंगलाला लागून असलेल्या त्या गोंड टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, बाकीची दारं आतून बंद झाली होती.

ईश्वरचा नातू तापानं फणफणला होता. एका जाणत्या भगतानं सांगितलं, ही बाहेरची करणी आहे. 'बाहेरची' म्हटल्यावर गावाला फार शोधावं लागलं नाही. बेबीबाई गोंडीण. एकटी राहणारी. अंगणात मोहाच्या झाडाखाली तिच्या निराळ्या देवाचा ओटा.

ईश्वरची सून खुशबू लेकराला छातीशी धरून मागोमाग धावत आली होती. सकाळी घाबरून तीच बोलून गेली होती, "काल बेबीमावशीनं याले कडेवर घेतलं होतं." एवढंच. त्या एका वाक्यावर एवढी माणसं निघाली. आणि खरंच काही केलं असेल तर? हा विचार तिच्याही मनातून हटत नव्हता.

दार उघडलं. बेबीबाई उंबरठ्यावर आली आणि मटकन खाली बसली. तिनं हात जोडले. एक दगड आला, तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला.

त्या आवाजानं लेकरू दचकून रडू लागलं. आपल्याच एका वाक्यानं हा दगड सुटला, हे जाणवून खुशबू माणसं सारत पुढं घुसली.

"सूनबाई, मागं हो!" ईश्वर ओरडला.

ती थांबली नाही. तिनं लेकरू बेबीबाईच्या मांडीवर ठेवलं आणि गर्दीकडं तोंड केलं.

"मारा आता, मामाजी. पहिले तुमच्या नातवाले लागन."

कुणी हललं नाही. मागं कुणीतरी शिवी दिली, पण ती अर्ध्यातच राहिली. लेकरू रडत होतं. बेबीबाईनं घाबरतच त्याच्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्याला लावला. पहिल्यांदाच तिनं मान वर करून ईश्वरकडं पाहिलं.

"भाऊ, लेकरू भट्टीवानी तापून राहिलं. सारं गाव माह्या दारात आलं. याले दवाखान्यात काहून नाही नेलं कोणी?"

ईश्वरच्या हातातली काठी गळून पडली. गाडी आणायला तो घराकडं धावत सुटला.