जागच्या जागी

"शून्य सोडून काहीही द्या, सर," अधिकारी म्हणाला. "एक द्या. एकावर मी वरच्यांशी भांडू शकतो. शून्यावर मला सहीच करावी लागते."

बटणमास्तर खुर्चीत पुढे झुकले. समोरच्या पडद्यावर वाचनालयाच्या संदर्भ दालनाचा यंदाचा वापर दिसत होता. शून्य. त्याच्या मागच्या वर्षी शून्य. त्याच्या मागच्या वर्षीही शून्य. सलग तीन शून्यं आली की दालन बंद. हा नियम त्यांनीच घातला होता, डोक्यावर काळे केस होते तेव्हा.

देशातलं संगणकावर चालणारं पहिलं वाचनालय त्यांनी उभं केलं. कार्डांचे ड्रॉवर गेले, शाईचे शिक्के गेले. त्यांचा प्रोग्रॅम गावोगावच्या वाचनालयांत पोचला. लोक त्यांना आधी चिडवायला बटणमास्तर म्हणायचे, मग कौतुकानं म्हणायला लागले. खाली दारापाशी त्यांचा मोठा फोटो आहे. नवे लोक तो बघून विचारतात, "कधी गेले हो?"

त्या प्रोग्रॅमला दोनच गोष्टी कळतात. पुस्तक घरी गेलं. पुस्तक परत आलं.

संदर्भ दालनातलं पुस्तक घरी नेता येत नाही. इथेच वाचायचं, उठताना फळीवर ठेवायचं.

खिडकीशी एक नर्स औषधांचा जाडजूड कोश वाचत होती. परीक्षा तोंडावर आली होती आणि तो कोश विकत घेणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं.

नोंद नाही.

एक शिंपी जुन्या पोशाखांची चित्रं बघून कागदावर बाही उतरवत होता.

नोंद नाही.

दोन म्हातारे भाऊ एकाच नकाशावर बोट ठेवून भांडत होते, अगदी हळू आवाजात. त्यांचीही नाही.

"मग ही काय भुतं बसलीत?" मास्तरांची मुलगी म्हणाली. दालन ती सांभाळायची. दालन बंद झालं की पुस्तकं रद्दीत आणि तिची बदली गोदामात, हे ठरलेलं होतं.

"मला दिसतात हो, ताई. पण मला दिसून काय उपयोग? सरांनीच शिकवलंय आम्हाला. डोळ्यांवर जाऊ नका, आकडा मागा."

मास्तरांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"टेबलावर राहिलेलं पुस्तक वाचलं गेलं, असं धरशील?"

"धरेन की. वर्षाचा आकडा आजच पाठवायचाय. बंद व्हायच्या वेळी येतो. माझ्यासमोर जे टेबलावर असेल, ते स्कॅन करतो."

"हेच मी किती वर्षं सांगत होते," मुलगी म्हणाली. "टेबलावरची मोजा, टेबलावरची मोजा. तर म्हणे, टेबलावर पुस्तक म्हणजे पसारा."

"आता ऐकतोय ना?"

"आता ऐकताय, बाबा."

नोकरीच्या जागी ती त्यांना सर म्हणायची. आज विसरली.

मास्तर टेबलाटेबलापाशी गेले. प्रत्येकाला वाकून सांगितलं, आज पुस्तक फळीवर ठेवायचं नाही. आहे तिथे सोडून जायचं.

"सर, तुम्ही सांगताय हे?" शिंपी म्हणाला. "मी एकदा पुस्तक एक घर डावीकडे ठेवलं, तर तुम्ही मला जिन्यावरून परत बोलावलं होतंत!"

"आज माफ."

सगळे हसले. नर्ससुद्धा, कोशातून मान वर न करता.

मग मास्तरांनी स्वतः एक पुस्तक काढलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. "एक माझं धरच," ते मुलीला म्हणाले.

"तुम्ही तिथून हलूच नका."

दीपगृहांवरचं पुस्तक होतं. त्याचा क्रमांक त्यांना पाठ होता. उघडलं मात्र पहिल्यांदाच. आधी नुसती पानं उलटली. मग एका पानावर थांबले. मग चहा आला तो तसाच गार झाला.

संध्याकाळी अधिकारी स्कॅनर घेऊन दारात उभा राहिला. मुलीनं टेबलांवरून नजर फिरवली. सगळीकडे उघडी पुस्तकं. तिनं मोठा श्वास घेतला.

टिंग.

*वाचनाची वेळ संपली. पुस्तक जागच्या जागी ठेवा.*

छतातल्या कर्ण्यातून आवाज आला. तरुण, खणखणीत, जरा गर्विष्ठ. मास्तरांचाच. त्यांनी तो रेकॉर्ड करून ठेवला होता आणि तेव्हापासून रोज तो आपोआप लागायचा. इतकी वर्षं लागत होता की कोणाला ऐकूच यायचा नाही. म्हणून तो बंद करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

खुर्च्या सरकल्या. पुस्तकं मिटली. माणसं उठली.

"अहो, ठेवू नका! ठेवू नका!" मुलगी ओरडली.

दालनात एवढ्या मोठ्यानं कधी कोणी बोललं नव्हतं. नर्स दचकून वळली.

"अगं बाई," ती म्हणाली. तिचे हात रिकामे होते. शिंप्याचेही. त्यानं घाईनं फळीवरचं पुस्तक पुन्हा ओढलं.

"आता काढलेलं नाही धरता येणार," अधिकारी हळूच म्हणाला. त्यालाही ते बोलताना बरं वाटलं नसावं.

"नका धरू," मुलगी म्हणाली. "एक पुरेल म्हणालात ना? एक आहे. सरांचं आहे."

दोघं कोपऱ्याकडे वळले. टेबल स्वच्छ होतं. खुर्ची आत सरकवलेली होती.

पलीकडे फळीपाशी, त्यांच्याकडे पाठ करून, बटणमास्तर दोन बोटांनी दीपगृहांचं पुस्तक बाकीच्यांच्या रांगेत नीट बसवत होते.