विहिरीचा पुरावा

शेजारची कोळशाची खाण रात्रंदिवस पाणी उपसते म्हणून आमची विहीर आटतेय, असा सासऱ्यांचा दावा कोर्टात चालू आहे. खाणवाले म्हणतात, "पुरावा दाखवा." म्हणून मी रोज सकाळी गाठी मारलेला दोर विहिरीत सोडते आणि किती गाठी भिजल्या ते वहीत लिहिते. महिन्याकाठी जेमतेम एक गाठ कमी व्हायची.

आज दोर सोडला तेव्हा तळातून गुडगुड आवाज आला. बारा गाठी भिजल्या. पुन्हा सोडला, तर चारच. डोळ्यांदेखत पाणी खाली चाललं होतं, कुणी तळाचं बूच काढल्यासारखं.

सासरे मात्र कठड्यावर हात आपटून ओरडले, "गेलं बघ सगळं त्यांच्या खाणीत! आता कसे नाही म्हणतात तेच बघतो! लाव वकिलांना फोन!"



फोन मी केव्हाच लावला होता, पण ह्यांना. हे त्याच खाणीत कामाला, आज सकाळची पाळी. खाणीत उतरताना फोन वर कपाटात ठेवावा लागतो, आणि तो तिथे नुसताच वाजत होता.