नसलेल्या खानावळीचा पत्ता

"तीन चुका," सिद्राम म्हणाला आणि त्याने लॅपटॉप चंद्रिकाकडे वळवला. "पहिली म्हणजे ही खानावळच मुळात नाही."

चंद्रिका स्क्रीनकडे वाकली. सोलापूर जिल्ह्यापुरतं 'ठिकाणा' नावाचं सर्च इंजिन तिने आणि तिच्या सोबत्यांनी खस्ता खाऊन उभं केलं होतं. व्यापाऱ्यांची एक संघटना आपल्या सगळ्या सभासदांसाठी ते घ्यायला तयार होती, फक्त सिद्रामचा तपासणी अहवाल हवा होता. अहवाल वाईट गेला तर 'ठिकाणा'ला टाळं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सिद्रामची पद्धत साधी. कुठेच नसलेल्या दुकानाची वेबसाइट चढवायची आणि कोणतं सर्च इंजिन ती किती लवकर उचलतं, किती बरोबर दाखवतं ते बघायचं. या वेळी कुणाला उगाच ताप नको म्हणून त्याने अक्कलकोटच्या आपल्याच घराचा पत्ता दिला आणि नाव दिलं, निंगव्वाची खानावळ.

निंगव्वा ही त्याची आई. वडील गेल्यावर तिने एकदा विषय काढला होता. "स्वामींच्या दर्शनाला एवढी मानसं येत्यात. चार भाकरी जास्त थापल्या तर काय बिघडलं?" सिद्रामने तो विषय तिथल्या तिथे मिटवला. साहेबाची आई लोकांची उष्टी काढते, असं कुणी म्हणायला नको. तो दरमहा पैसे पाठवत होता, तिने आरामात बसावं. तेव्हा जगात नक्की नसलेली अशी एखादी खानावळ असेल तर ती हीच. असं नाव आधीच कुठे आहे का, हे शोधून बघायची ऑफिसची रीत होती, पण स्वतःच्या घराचं काय शोधायचं?

मोठ्या सर्च इंजिनांनी आठवडा उलटला तरी वेबसाइटची दखल घेतली नाही. 'ठिकाणा'वर मात्र समोरचा चहा निवायच्या आत खानावळ हजर. वेग बघून तो चाटच पडला. मग त्याने तपशील वाचला आणि त्याला हसू आलं.

"मी लिहिलंय गुरुवारी बंद. तुमच्याकडे गुरुवारी पहाटेपासून सुरू," तो आता म्हणाला. "मी लिहिलंय पिठलं-भाकरी. तुमच्याकडे गव्हाच्या खिरीसारखी हुग्गी आणि शेंगाची चटणी. हे आणलं कुठून?"

"आमची पोरं गाडीवर जाऊन बघून येतात."

"चहा निवायच्या आत?"

चंद्रिकाने नोंद पुन्हा एकदा वाचली. "खोटी असेल तर मी स्वतः काढून टाकते. पण तुम्ही तिथं जाऊन बघितलंत का?"

"मी त्या घरात जन्मलोय, मॅडम."

"मग जायला अवघड नाही," ती म्हणाली.

सिद्रामने तिच्यासमोरच आईला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"सिद्दू, मागनं बोलू का रं? हितं मानसं बसल्यात." फोन बंद.

"शेजारच्या बायका जमवते," सिद्राम म्हणाला. "एकटीला करमत नाही."

त्याला आईची कीव आली. अक्कलकोट तासाभरावर, पण त्याला सवड होत नसे. सणावाराला गाडी पाठवून तो तिलाच सोलापूरला आणायचा. दिवाळीत तिने मोठी परात मागितली होती. एकट्या माणसाला एवढी कशाला, म्हणून त्याने लहानशी आणून दिली. तिने ती मुकाट्याने पिशवीत घातली.

आता कीव चंद्रिकाचीही येत होती. तिची मेहनत त्याला दिसत होती. पण नसलेलं दाखवणाऱ्याला पास कसं करायचं? निदान पुरावा पक्का असावा. बंद दाराचा एक फोटो जोडला की अहवाल पुरा.

गुरुवारी तो अक्कलकोटला उतरला. मठाकडे जाणाऱ्यांची गर्दी होती, ती त्याच्या गल्लीपर्यंत आली होती. गर्दीतून वाट काढत तो घराकडे निघाला.

"ओ साहेब, नंबर लावा की, लाईनीत या," कडेवर पोर घेतलेला एक माणूस म्हणाला.

"मला त्या घरात जायचंय."

"मंग आमी कुटं निगालोय? ही पोरगी आईच्या पोटात व्हती, तवापासनं येतोय निंगव्वाची हुग्गी खायला."

सिद्राम रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. रांग सरकत दारापाशी आली. आत पंगत बसली होती. चुलीपुढे निंगव्वा भाकरी थापत होती आणि तिच्यासमोरच्या परातीत एक लहान मूल सहज बसलं असतं. उंबऱ्यावर सावली पडली तशी ती वर न बघताच म्हणाली,

"चपला भायेर काडा पावनं, आन् नंबर सांगा."