वरचा सा
चतुर्थीच्या तोंडावर लवू मेस्त्रींचा हात मोडला आणि भजनी मंडळांच्या पेट्या सुरात लावायच्या राहिल्या. सुरावरून भांडून वेंगुर्ल्याला गेलेला त्यांचा शिष्य सुदेश येऊन सगळ्या घेऊन गेला. आता लोकांच्या कानांत त्याचाच सूर बसणार, हे मेस्त्रींनी गृहीतच धरलं.

पेट्या परत आल्या. सुदेशने भाता मारला, मेस्त्रींनी डाव्या हाताने पट्ट्या दाबल्या. प्रत्येक पेटीत वरचा ‘सा’ केसभर चढा. ही मेस्त्रींचीच खोड. भांडण तिच्यावरूनच झालेलं. दुसऱ्याची खोड इतकी हुबेहूब उतरवणं त्यांना स्वतःला जमलं नसतं.

“तुका हो चढो सूर चुकीचो वाटता मा रे?”

“अजूनय वाटता. पण गिरायकां तुमची. तुमच्या कानान लावलंय.”