आखातातली तांबोशी

"काका, तुमचंच खरं निघालं," पुतणी चपला काढता काढताच म्हणाली. चांगलं तेवढं आधी सांगून टाकायचं, हे तिने बसमध्येच ठरवलं होतं.

काका जाळं सांधत बसले होते. त्यांचा हात थांबला.

वीस वर्षांपूर्वी मत्स्य खात्याच्या सभेत ते एकटेच उठून बोलले होते. आपल्या आखातातली तांबोशी मासळी निराळी आहे. ती बाहेर जात नाही, बाहेरची आत येत नाही. साहेब पोट धरून हसले होते. समुद्राला काय कुंपण असतं, आजोबा? आत कमी पडली तर बाहेरून येईल की! आणि आखात मोठ्या ट्रॉलरांना खुलं झालं होतं. काका तेव्हा आजोबा म्हणण्याएवढे म्हातारेही नव्हते.

गेली तीन वर्षं पुतणी प्रयोगशाळेतून बाटल्या पाठवत होती. प्रत्येक तांबोशीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून काका स्पिरिटात टाकत आणि वर तारीख लिहीत.

"डीएनए जुळत नाही," ती म्हणाली. "आतल्या-बाहेरच्यांचं रक्त हजारो वर्षांत मिसळलेलं नाही. आतली संपली, तर बाहेरून भरून येणार नाही."

"मग मी वेगळं काय सांगत होतो?" काकांनी मांडीवर थाप मारली. "आता तरी हाकला म्हणावं त्या ट्रॉलरवाल्यांना!"

"हाकललं. त्यांना बाहेरचा परवाना दिलाय. तिकडे मासा भरपूर आहे."

"आणि आम्हाला?"

पुतणीने खात्याचा लिफाफा पुढे केला, पण हातातून सोडला नाही. "आखात बंद. पंधरा वर्षं. सगळ्यांनाच."

काकांनी दारातून धक्क्याकडे पाहिलं. त्यांची होडी बावीस फुटी. ती बाहेरच्या लाटांत घालणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि पंधरा वर्षांनी ते त्र्याऐंशीचे होणार होते.

"कोणी लिहिलं हे?"

"मी. शिफारशीवर सही माझीच आहे. दुसरं काही लिहिताच येत नव्हतं, काका. आत जेमतेम..."

"किती उरलीय ते मला नको सांगूस, पोरी. गेल्या महिन्यात चार मिळाल्या. चारही तुकडे तुलाच धाडले."

मोरीतला नळ बंद झाला. "काय म्हणतेय ती?" काकूंनी आतून विचारलं.

पुतणी बोलायला गेली. काकांनी हातानेच तिला गप्प केलं.

"म्हणतेय, माझं बरोबर होतं. खात्याने कागद दिलाय."

"बघा! मी म्हणत नव्हते?" काकू ओल्या हातांनीच खिडकीशी धावल्या. "अहो, ऐकलंत का?" त्यांनी शेजारणीला हाक मारली. "आमच्या ह्यांचं खरं ठरलं! सरकारी कागदावर आलंय!"