गरीब जनावर

"हात लावून बघा, मॅडम. अगदी गरीब जनावर आहे," असं म्हणत व्यापारी तबेल्याच्या दारातच पचकन थुंकला.

घोडेस्वारी शिकवणाऱ्या मॅडमनी झटकन पाय मागे घेतला. त्यांना या माणसाची किळसच आली. नखांत काळा मळ, भिंतीभर पिचकाऱ्या आणि जिभेवर मात्र नुसता मध. असल्याच एका व्यापाऱ्याने मागे गुंगीचं औषध टोचलेला घोडा त्यांच्या विद्यार्थिनीच्या गळ्यात मारला होता. बघायला गेले तेव्हा मेंढरासारखा उभा. घरी नेल्यावर औषध उतरलं आणि पोरीचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून मॅडम आधी व्यापाऱ्याला पारखत, मग घोड्याला.

आज घोडी हवी होती ती आठ वर्षांच्या मुलीसाठी. त्यांच्या वर्गातली ही सगळ्यात भित्री. खोगिरावर बसवलं की लगाम असा आवळायची की बोटं पांढरी पडायची. "हात सैल सोड" हे सांगून सांगून मॅडमचा घसा बसला होता. पण तिच्या बाबांना धीर नव्हता. "आमच्या घरात भित्रं कोणी निपजलेलं नाही," हे त्यांचं पालुपद. मुलगी यंदा स्पर्धेत उतरलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. शेवटी मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं, की घोडा त्या निवडतील आणि पोर त्यावर निर्धास्त बसली तरच घ्यायचा. नाहीतर या वर्षापुरती स्वारी बंद.

व्यापाऱ्याने तांबूस घोडी बाहेर काढली. बाबांनी मुलीला उचलून वर बसवलं.

घोडी चालली, मग दुडक्या चालीने पळू लागली. मॅडम बघतच राहिल्या. मुलगी रडली नाही, किंचाळली नाही. खांदे सैल, हात सैल. मध्येच तिने एक जांभईसुद्धा दिली.

"पहाटे उठलीय ना," बाबा म्हणाले. "पण बसलीय कशी, बघा!"

मॅडमना आनंद व्हायला हवा होता. उलट त्यांनी हात वर करून घोडी थांबवली. ही पोर ज्या घोडीवर इतकी निवांत, ती घोडी शुद्धीवर असणं शक्यच नव्हतं.

"काय टोचलंय हिला?" त्यांनी व्यापाऱ्याला तोंडावरच विचारलं.

"काही नाही हो, मॅडम."

"सगळे हेच म्हणतात. लाज वाटत नाही तुम्हाला? लहान लेकरं बसतात यांच्यावर."

व्यापारी ओशाळं हसला. ते हसू तर मॅडमना त्याच्या थुंकीहून घाण वाटलं.

मुलीला उतरवून त्यांनी बाबांच्या कडेवर दिलं आणि घोडीची तपासणी सुरू केली. डोळे स्वच्छ. खालचा ओठ लोंबत नव्हता. मागे जाऊन बादली आपटली, तर घोडीने कान टवकारले, मान वळवून पाहिलं आणि पुन्हा शांत झाली. मानेवर सुईची खूण शोधली, तीही मिळेना. मॅडमच्या डोक्यात तिडीक गेली. इतकी बेमालूम लबाडी त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"आजच घेऊन टाकू या," बाबा म्हणाले. मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून पडली होती.

"आज नाही. उद्या पुन्हा येऊ. आणि किती वाजता, ते यांना कळवायचं नाही."

"या की," व्यापारी म्हणाला. "सकाळी या, दुपारी या. घोडी अशीच दिसेल."

"उगाच कशाला हेलपाटा?" बाबांचा आवाज चढला. "बसली ना पोर नीट? आणखी काय हवंय तुम्हाला?"

"औषध उतरलेलं बघायचंय मला," मॅडम म्हणाल्या.

बाबा लगबगीने निघायला वळले. त्यांच्या खांद्यावरच्या मुलीने कसेबसे डोळे उघडले.

"बाबा," ती जड जिभेने म्हणाली, "उद्या पण यायचं असेल, तर ती गोळी दुधातून द्या ना. आज फार कडू लागली."