गाय

"कंबरेत बळ येईपर्यंत नातीला उचलायचं नाही," असं डॉक्टरने बजावलं आणि माझी मांडी ओस पडली. मग सुनेने जमिनीवर चटई पसरली आणि ती माझी मास्तरीण झाली.

"आई, हात-गुडघे टेका. पाठ वर फुगवा, ही झाली मांजर. आता पाठ खाली सोडा, ही गाय."

"मांजर होते. गाय होणार नाही. या घरात मी कधी गरीब गाय नव्हते, आता म्हातारपणी होऊ?"

"अहो, व्यायामाचं नाव आहे ते! हवं तर वाघीण म्हणा."

"वाघीण पाठ खाली सोडते होय गं?"

महिनाभर मी नुसती मांजरच झाले. कंबर अर्धीच मोकळी झाली, पोरीला उचलणं लांबच राहिलं.

आज सकाळी डोळे मिटून ओणवी होते. पाठीवर कोवळं ऊन पसरलं होतं. श्वासाबरोबर फरशी पाण्यासारखी हलतेय आणि मी कुठेतरी तरंगत चाललेय, असं वाटत होतं. तेवढ्यात पाठीवर काहीतरी उबदार येऊन बसलं. इवल्याशा मुठींनी माझा अंबाडा धरला. मी जन्मात कुणाला डोक्यावर बसू दिलं नव्हतं. पण माझी पाठ आपसूक, सावकाश खाली गेली.

लेकीला एका हाताने सावरत सून कुजबुजली, "आई, झालात की हो गाय!"

उत्तर तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात पाठीवर खुदकन हसू फुटलं, आणि मी हळूच हंबरले.